बोटवाडीचा पाट

नोव्हेंबरात एक सकाळ अशी येते की एसी बंद करून खिडकी उघडता येते. मे महिन्यापासून घट्ट लावलेली काच सरकवताना रुळात साचलेली वाळू करकरते आणि बाहेरचे आवाज एकदम घरात शिरतात. अजान, कबुतरं, खालच्या कॅफेटेरियात आपटलेले कप, मागे येणाऱ्या ट्रकची पीं पीं. उन्हाळाभर बाहेर आवाज असतात हेच आपण विसरलेलो असतो.

त्या दिवसाची माझी यादी फ्रिजवर आधीच लागलेली असते. एसीचे फिल्टर धुणे. दुलया उन्हात टाकणे. बाल्कनीतल्या कुंड्या हलवणे. रेवाचे स्वेटर तोकडे झाले का पाहणे. आठवणी काढत बसणे असं काही यादीत नसतं, मला तेवढा वेळही नसतो. पण खिडकी उघडली की हात कामात असताना कान मात्र एकच आवाज शोधू लागतात. सिमेंटवरून कडक चाकं गेली की येतो तो. खरखरीत, दात शिवशिवतील असा. कोणाला तो कटकटीचा वाटतो. मला तो ऐकला की आपण घरी आलो असं वाटतं.

या वर्षी तो आवाज मला पैसे भरून ऐकायला मिळतो आहे. माझी मुलगी रेवा अकरा वर्षांची आहे आणि दुबईत समुद्रकाठी झालेल्या नव्या स्केट पार्कमध्ये शनिवारी शिकायला जाते. गुळगुळीत उतार, रंगवलेल्या भिंती, हेल्मेट भाड्याने, पाण्याच्या बाटल्यांचं मशीन. शिकवणारा मुलगा नम्र आहे, मला मॅम म्हणतो. पहिल्याच शनिवारी मी बाकावर बसून ऑफिसचे ईमेल निपटत होते आणि तो ओरडला, "ओके गाइज, गिव्ह मी अ पॅट!"

सगळी पोरं फळीवर उकिडवी बसली. उतारावरून खाली आली, एक तळहात जमिनीला टेकवला आणि त्या हाताभोवती गर्रकन वळली.

माझा ईमेल अर्धाच राहिला.

परतताना गाडीत मी सहज विचारावं तसं विचारलं, "रेवा, पॅट म्हणजे काय गं?"

"पॅट, मॉम. लाइक, यू पॅट द ग्राउंड. हाताने."

"असं कोणी सांगितलं?"

"कोच. इट्स फ्रॉम कॅलिफोर्निया ऑर समथिंग."

मी ब्रेक लावला. तसाही लावायलाच हवा होता, कारण समोर शारजाकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग सुरू झाली होती आणि ती आता तासभर हलणार नव्हती. एरवी या रांगेत मी आठवड्याच्या भाज्या ठरवते. त्या दिवशी म्हटलं, मरू देत भाज्या.

"कॅलिफोर्निया नाही," मी म्हटलं. "बोटवाडी."

"व्हॉट्स बोटवाडी?"

बोटवाडी कोणत्याही नकाशात सापडणार नाही. ते नाव मराठी मंडळींनी ठेवलेलं. शारजा संपून अजमान सुरू होतं तिथे, पाण्याला लागून, लाकडी होड्या दुरुस्त करणाऱ्यांची, मासेमारांची आणि बाकी कुठे राहणं न परवडणाऱ्या सगळ्यांची एक वस्ती होती. नव्वदच्या दशकाच्या शेवटी बाबांची कंपनी हमरिया फ्री झोनमध्ये गेली. बर दुबईचं घर महाग आणि आता लांबही, म्हणून आम्ही त्या वस्तीच्या कडेला एका चार मजली इमारतीत राहायला आलो. बाबांचा हिशोब सरळ होता. भाडं कमी, ऑफिस जवळ, समुद्र फुकट.

हळदीकुंकवाला दुबईत जमलं की नवी ओळख झालेली बाई विचारायची, "कुठे राहता?" आई सांगायची. मग समोरून यायचं, "म्हणजे ती बोटवाडी?" आणि नाकाजवळ एक बारीकशी सुरकुती. जणू वास इथपर्यंत पोचला.

वास होता. नाही कशाला म्हणू? उन्हात वाळणारे मासे, डिझेल, लाकडाला लावायचं तेल, ओल्या दोरांचा कुबट दर्प. उघड्यावर वाळणाऱ्या लुंग्या आणि सलवारी, होड्यांच्या सावलीत निजलेली मांजरं. मारामाऱ्या व्हायच्या, चोरीच्या सायकली विकल्या जायच्या, पोलिसांची जीप चक्कर मारून जायची. यातलं काही मी धुऊनपुसून सांगणार नाही. आजकाल जुन्या वस्त्यांचे सुंदर फोटो काढून भिंतीवर लावायची फॅशन आहे, त्यात मांजरं असतात आणि मारामाऱ्या नसतात. बोटवाडी तशी नव्हती. ती खडबडीत होती आणि खडबडीत होती म्हणूनच तिथे काहीतरी झालं. दुबईच्या गुळगुळीत फुटपाथवर चाकं टेकवली की वॉचमन धावून यायचा, "खलास, खलास, यल्ला, जाओ!" आमच्याकडे हाकलायला कोणी नव्हतं. राखावं असं तिथे काही होतं यावर कोणाचा विश्वासच नव्हता.

आणि तिथे उतार होता. होड्या पाण्याबाहेर ओढून घेण्यासाठी बांधलेला सिमेंटचा रुंद उतार, वरून थेट समुद्रात जाणारा. खालचा भाग शेवाळानं हिरवा आणि निसरडा. शुक्रवारी होड्या ओढायचं काम बंद असे. जुम्म्याची नमाज झाली, जेवणं झाली की दुपारपासून उतार आमचा.

आमचा म्हणजे मुख्यतः तिघांचा. जोजो आमच्या वरच्या मजल्यावरचा फिलिपिनो मुलगा, त्याच्याकडे मनिलाहून आलेली खरी स्केटबोर्ड होती. सलीम मागच्या गल्लीतला बलुची, त्याचे वडील मासेमारीच्या होडीवर. तिसरी मी, मंजिरी, दहावी ब, सीबीएसई बोर्ड, वेणीला काळी रिबन. तिघांची भाषा एक, गल्फची हिंदी. त्या हिंदीला व्याकरण नसतं, पण तिने सगळी कामं होतात.

हवा पालटली तेव्हा, अशाच नोव्हेंबरात, जोजोला नवी बोर्ड मिळाली आणि जुनी त्याने मला दिली. टोक तुटलेलं, चाकं झिजलेली. सलीमने ती माझ्याबरोबर जिने चढून घरापर्यंत आणली, कारण ती जड होती आणि मी उतारावर गुडघे फोडून घेतले होते. आई कणीक मळता मळता दाराशी आली. माझ्या गुडघ्यांकडे तिचं लक्षच गेलं नाही.

"हा कसला पाट?" ती म्हणाली. "आणि पाटाला चाकं कोणी लावली?"

सलीमला एकच शब्द कळला. त्याला वाटलं, हिंदुस्थानात याला असंच म्हणतात. दुसऱ्या दिवशी इमारतीखालून आरोळी आली, "मंजू! पाट ले के आ!" जोजोने ती उचलली, कारण स्केटबोर्ड म्हणताना जीभ दोनदा अडखळते आणि पाट म्हणताना अडखळत नाही. डिसेंबर येईपर्यंत बोटवाडीतल्या प्रत्येक पोराच्या तोंडी पाट होता. ज्यांच्याकडे बोर्ड नव्हती त्यांनी फळकुटं शोधली आणि टाकून दिलेल्या रोलर स्केट्सची चाकं ठोकली. कच्छी सुतार करसनभाई होड्यांच्या उरलेल्या लाकडातून फळ्या कापून देऊ लागले, आधी शिव्या घालत, मग नुसतेच. फळीवरून पाय घसरायचा, तर सलीमने त्यावरही उपाय काढला. होडीचं वॉर्निश ओलं असताना त्यावर मूठभर वाळू भुरभुरायची. वाळलं की पायाला अशी पकड, की बूट फाटेल पण सुटणार नाही.

हे सगळं कोणी शिकवलं नव्हतं. कोणाकडे मासिक नव्हतं, व्हिडिओ नव्हता. समोर समुद्र होता आणि त्यात पडायचं नव्हतं, एवढंच शिक्षण.

आता मुद्द्याचं. उतारावर उभं राहून गेलं की समुद्रावरचा वारा माणसाला मागे ढकलायचा, आणि वाऱ्यातून सुटलं तर पुढे शेवाळ. जोजो दोनदा चपला-बुटांसकट खाऱ्या पाण्यात गेला. मला पाण्याची भीती. मग मी काय केलं, तर खाली बसले. उकिडवी. सुट्टीत पुण्याला जेवायला पाटावर बसण्याआधी कशी क्षणभर बसायचे, तशी. हिरवा पट्टा जवळ आला की उजवा तळहात सिमेंटवर टेकवायचा आणि त्या हाताभोवती फळी फिरवून परत वर तोंड करायचं. हात सोलून निघायचा, पण कपडे कोरडे राहायचे.

सलीम ओरडला, "ये क्या किया? फिर से कर!"

मी फिर से केलं.

"ये तो पाट पे बैठ गई," जोजो म्हणाला.

त्या दिवसापासून त्याला नाव पडलं, पाट मारना. पंधरवड्यात सगळी पोरं पाट मारत होती. आधी शेवाळाच्या भीतीने, मग नुसती ऐट म्हणून. कोणाची वळताना धूळ जास्त उडते, कोणाचा हात जास्त वेळ टेकतो. अजमानहून मुलं बघायला येऊ लागली. मग दुबईहूनही, चांगल्या बोर्डी आणि पांढरे मोजे घेऊन. ती उभ्याने जायची आणि थेट पाण्यात. सलीम काठावर उभा राहून त्यांना म्हणायचा, "हबीबी, इधर समंदर को सलाम करना पडता है. नीचे झुक के."

घरात मात्र वेगळा वारा वाहत होता. आईला माझा तळहात दिसला. वरणाची वाटी पुढे करताना मी हात नीट वळवला नाही.

"हे काय करून घेतलंस?"

मी सांगितलं. लपवायचं काय त्यात?

आई म्हणाली, "पाटावर बसतात, मंजू. पाटावर उभं राहायचं ते एकदा. अंतरपाट धरला म्हणजे."

"मी बसूनच जाते," मी म्हटलं. ते खरंही होतं.

बाबा हसले नाहीत. बाबा तापट नव्हते, पण ते बोटवाडीला घाबरायचे. आपण पैसे वाचवायला मुलीला इथे आणलं आणि इथल्यासारखीच झाली तर, ही त्यांची भीती. त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली आणि सांगून टाकलं. "ती फळी घराबाहेर जाईल. नाहीतर दहावीची परीक्षा झाली की तू पुण्याला जाशील. आत्याशी बोलणं झालंय माझं. अकरावी तिकडे. चांगलं कॉलेज, चांगली वस्ती."

पुण्याची आत्या चांगली होती. तिच्या घरी गच्ची होती, बाग होती, आंबेमोहर भात होता. पण तिथे समुद्र नव्हता आणि मी कोणाची तरी भाची म्हणून राहिले असते. इथे मी अशी मुलगी होते, जिने केलेली गोष्ट आजूबाजूची सगळी मुलं करत होती. पंधराव्या वर्षी असं काही एकदा हाताला लागलं की ते सोडायचं कसं? मी म्हटलं, "पाट सोडणार नाही. मार्क कमी पडले तर बोला."

मी वेळापत्रक केलं. सकाळी गणित, संध्याकाळी विज्ञान, भूगोलाचे नकाशे जेवणानंतर. शुक्रवार दुपार, पाट. भिंतीवर लावलं. बाबांनी लाल पेनने शुक्रवार दुपार खोडली. मी नवा कागद लावला. त्यांनी परत खोडली. जानेवारीभर हे चाललं. दोघंही एकमेकांशी त्याबद्दल एक अक्षर बोललो नाही. पाचवी का सहावी प्रत लावताना आई म्हणाली, "अगं, निदान कागद तरी पाठकोरे वापर."

तीच आई फेब्रुवारीत करसनभाईंकडे गेली.

कारण होतं केळवण. सुलभाकाकूंच्या शर्वरीचं लग्न ठरलं होतं, मेमध्ये पुण्यात. सुलभाकाकू म्हणजे दुबईतल्या आमच्या मराठी वर्तुळाच्या कर्त्या बाई. कोणाकडे काय पद्धत, कोणाची पुरणपोळी फुटते, हे त्यांच्याकडून कळायचं. घरोघरी पाळीपाळीने शर्वरीला केळवण चाललं होतं आणि आमची पाळी आली तेव्हा त्या फोनवर म्हणाल्या, "एवढ्या लांब कशाला? बोटवाडीत जागा तरी आहे का बसायला? तूच ये हवं तर स्वयंपाक घेऊन माझ्याकडे." आईने रिसिव्हर ठेवला आणि ठरवलं, केळवण इथेच होणार आणि साग्रसंगीत होणार. रांगोळी, समई, महिरप. नवरीला बसायला पाट. आमचे पाट पुण्याला माळ्यावर. मग आई काठावर गेली आणि तिच्या हिंदीत करसनभाईंना म्हणाली, "भाई, एक पाट चाहिए. अच्छी लकडी का. लडकी के लिए."

करसनभाई म्हणाले, "लडकी का पाट? समझ गया, बेन. मालूम है मुझे."

आई खूश होऊन घरी आली. म्हणाली, "बघ, या माणसाला पाट म्हणजे काय ते माहीत आहे."

केळवणाच्या दिवशी सकाळी मी आणि आई पाट आणायला गेलो. करसनभाईंनी गोणपाटाखालून काढला आणि दोन्ही हातांनी पुढे धरला. लांबट. दोन्ही टोकं गोल आणि वर उचललेली. दोन्हीकडे चाकांसाठी चार चार भोकं. वॉर्निश असं चकचकीत की त्यात आभाळ दिसावं, आणि वर बारीक, एकसारखी भुरभुरलेली वाळू.

त्यांनी आयुष्यात केलेली सगळ्यात देखणी फळी होती ती.

आई म्हणाली, "ये क्या है?"

"पाट."

"ये पाट नहीं है!"

"बेन," करसनभाई दुखावलेल्या आवाजात म्हणाले, "आपने पाट बोला, लडकी का पाट बोला. इधर पाट का मतलब यही है. किसी को भी पूछो."

आईने खरोखरच विचारलं. तिथून सलीमची बहीण नाझ चालली होती, सहा-सात वर्षांची, शेंबूड पुसत. आईने फळीकडे बोट दाखवलं. "बेटा, इसको क्या बोलते हैं?"

"पाट," नाझ म्हणाली. मग, म्हातारीला एवढंही माहीत नाही अशा दयेने, "देखो आँटी, ऐसे मारते हैं." ती भावाची फळकुटाची फळी घेऊन उतारावर गेली, उकिडवी बसली आणि सुटली. खालून एका इराणी पोराने आरोळी दिली, पाऽट! जाळी विणत बसलेल्या माणसांपैकी एकाने मान वर न करता तसाच सूर लावला, पाऽट! नाझने हिरव्या पट्ट्याच्या अलीकडे इवलासा हात टेकवला, वळली आणि दात काढून आईकडे बघितलं.

आई तिथे बराच वेळ उभी राहिली. वाऱ्याने तिचा पदर उडत होता, तो तिने सावरला नाही. उतारावर आणखी पोरं आली होती. कोणी मल्याळम बोलत होतं, कोणी पश्तो, कोणी अरबी. मधूनमधून त्या सगळ्यातून एक शब्द स्वच्छ वर यायचा, आणि तो आमच्या स्वयंपाकघरातला होता.

तिने करसनभाईंना पैसे दिले, फळी काखेत मारली आणि घराकडे चालू लागली. मी मागून. वाटेत एवढंच म्हणाली, "महिरप लांबट काढावी लागेल."

दुपारी बायका आल्या. दाराशी चपला काढतानाच सुलभाकाकूंनी नाकाला रुमाल लावला. आत रांगोळी होती, समई होती, केळीच्या पानावर डाव्या उजव्या बाजूला सगळं जिथल्या तिथे. आणि पानापुढे ती फळी, टोकं वर उचललेली, जणू आत्ताच निघेल.

"हे काय गं?" सुलभाकाकू म्हणाल्या. "बोटवाडीत पाट असे मिळतात?"

"हो," आई म्हणाली. "बोटवाडीत असेच मिळतात."

"आणि ही भोकं कसली?"

"चाकांची."

कोणीतरी खोकलं. मी स्वयंपाकघराच्या दारात तूप घेऊन उभी होते आणि तूप गार होत होतं.

"मंजूचा पाट आहे," आई म्हणाली. "आज शर्वरीला बसायला दिलाय. बस गं, शर्वरी. थांब, खाली वाळू आहे, पैठणी खरवडेल." तिने आपली शाल चौघडी करून फळीवर घातली. शर्वरी बसली. जरा डुलली, हसली आणि आईला हळूच म्हणाली, "काकू, चाकं असती तर लग्नाच्या आधी पळून जाता आलं असतं." आई मोठ्याने हसली. सुलभाकाकूंनी पुरणपोळी मोडून पाहिली. ती फुटलेली नव्हती.

संध्याकाळी बाबा आले. शाल गुंडाळून झाली होती, रांगोळी पुसायची होती आणि त्या पुसट महिरपीत फळी तशीच. बाबांनी ती पाहिली, मग मला पाहिलं आणि थकलेल्या आवाजात म्हणाले, "म्हणजे ठरलं तर. पुण्याचं तिकीट काढतो."

"काढू नका," आई म्हणाली.

"अगं, या वस्तीत आपलं आहे तरी काय?"

आई रांगोळी पुसत होती. फडकं न थांबवता म्हणाली, "इथे माझा शब्द चालतो."

बाबांना काही कळलं नाही. त्यांना वाटलं, ती स्वतःची हुकूमत सांगते आहे. तीही होतीच म्हणा. दुसऱ्या दिवशी भिंतीवर मी वेळापत्रक पुन्हा लावलं, पाठकोऱ्या कागदावर. लाल पेन त्यावर परत कधी उठलं नाही. मार्चमध्ये परीक्षा झाली, मार्क चांगले पडले, आणि अकरावीला मी शारजातल्याच शाळेत गेले. त्या फळीला जोजोने मला आधी दिलेल्या जुन्या बोर्डीचीच चाकं लावून दिली.

पुढची काही वर्षं, नवं शतक सुरू होऊन दुबईत मॉल आणि पार्क उगवू लागले तोवर, तो उतार टिकला. मग काठावर फरशा आल्या, खजुराची झाडं आली, बाक आले. होड्या दुसरीकडे गेल्या. तिथे आता संध्याकाळी लोक कडक चहा घेऊन फिरतात आणि पाटी आहे, स्केटिंगला मनाई. जोजो कॅनडात आहे. सलीम रास अल खैमाला सिमेंटच्या धंद्यात आहे, त्याला मी म्हणते, तुझ्या तळहाताला सिमेंटची सवय होतीच. मधल्या वर्षांत बोटवाडीची पोरं कामाला, शिकायला सगळीकडे पांगली. दुबईच्या पार्किंगमध्ये, फ्लायओव्हरच्या खाली, पहिल्यावहिल्या स्केट पार्कमध्ये, जिथे गेली तिथे खाली झुकून, हात टेकवून वळली. लोकांनी बघितलं आणि उचललं. कोणी हे लिहून ठेवलेलं नाही. जिथे मासे वाळतात तिथून काही शिकलो असं कोण लिहून ठेवतं?

म्हणून मी पुढच्या शनिवारी बाकावर बसले नाही. कोचकडे गेले.

"पॅट हा शब्द तुला कुठून मिळाला?" मी इंग्रजीत विचारलं.

तो गोंधळला. "माझ्या मोठ्या भावाच्या मित्रांकडून, मॅम. शारजा, अजमानकडची सीनियर मुलं होती. का?"

"तो पॅट नाही. पाट आहे. आ लांब."

"आय थॉट इट्स लाइक, पॅट द ग्राउंड."

"ग्राउंडचा संबंध नाही. जेवायला बसायच्या फळीला पाट म्हणतात. माझ्या आईचा शब्द आहे."

रेवाने डोळे फिरवले. "मॉम, प्लीज. एव्हरीवन इज लुकिंग."

"बघू देत," मी म्हटलं. "तुझी फळी दे."

गुडघे आता पूर्वीचे नाहीत, हेल्मेट डोक्याला लहान होतं आणि ऑफिसच्या बुटांना पकड नव्हती. वर उभी राहिले तेव्हा समोर दुबईचा गुळगुळीत उतार होता, खाली शेवाळ नव्हतं, समुद्र कुंपणापलीकडे. इतक्या सुरक्षित जागी पाट मारायची मुळात गरजच नाही, हे माझ्या लक्षात आलं. या पोरांना ठाऊक नाही की ती ज्याला ऐट समजतात ते एका भित्र्या मुलीचं पाण्यापासून वाचणं होतं. नसू दे ठाऊक. नाव तरी बरोबर घ्या.

मी उकिडवी बसले आणि सुटले. चाकांची खरखर टाचांतून दातांपर्यंत आली. तळहात टेकवला. कातडी सोलली, ओळखीच्या जागी. वळले. पडले नाही, फारशी.

त्यातल्या सगळ्यात बारक्या पोराने, बहुधा लेबनीज असावा, आरोळी दिली, "पाऽट!" आ लांब. बाकीच्यांनी उचलली. रेवासुद्धा ओरडली, मग इकडेतिकडे बघितलं.

गाडीत मी तळहाताला रुमाल बांधला आणि पुण्याला फोन लावला. आई आता तिथे असते, त्याच गच्चीवाल्या घरात, आत्याच्या शेजारच्या खोलीत. बाबा जाऊन तीन वर्षं झाली. समोर शारजाची रांग लागली होती, त्यामुळे सगळं सविस्तर सांगता आलं. कोच, कॅलिफोर्निया, बारकं पोर, सगळं.

"आई," मी शेवटी म्हटलं, "तुझा शब्द अजून चालतो इथे."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

"चालणारच," आई म्हणाली. "चाकं लावलीत ना त्याला. हाताला हळद लाव आधी."